गेरूची रेघ

गेरू पाण्यात कालवला की त्याला एक वास सुटतो. तापलेल्या ढेकळावर पाणी शिंपडल्यासारखा. आता माझे कान गेले, डोळ्यांचंही काही खरं नाही, पण नाक अजून शाबूत आहे. दिवाळीला नातसून तुळशीवृंदावन रंगवायला बसते, वाटीतला तो वास माझ्या खाटेपर्यंत येतो, आणि मग मी इथं नसतेच. हाका मारा, नाहीतर ढोल बडवा. मी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी, आमच्या जुन्या घरात जाऊन पोचलेली असते. धुकं दारातनं आत येऊन चुलीपाशी बसलेलं असतं, गोठ्यात जनावरं उसासे टाकत असतात, आणि सासूबाई खाटेवरून विचारत असतात, "रेघ वलांडली का गं?"

दुसऱ्या लढाईच्या सुरवातीचा काळ तो. मला सासरी येऊन तीन वर्षं झाली होती, कूस अजून उजवली नव्हती. सासरे कधीच वारलेले. घरात आम्ही तिघंच: सासूबाई, आमचे हे, आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या सुईण होत्या. आसपासच्या सात-आठ वाड्यांतलं निम्मं माणूस त्यांच्या हातावर जगात आलेलं. त्या वाटेनं निघाल्या की मिशीवाले बापयेसुद्धा बाजूला होत. ह्या बाईनं आपल्याला कसं पाहिलंय ते त्यांना ठाऊक होतं ना! अंगानं काटकुळ्या होत्या, पण जिभेला हाड म्हणून नव्हतं.

मला त्यांनी त्या कामाला कधी शिवू दिलं नाही. सोबत न्यायच्या, पण उंबऱ्याबाहेर चुलीपाशी बसवायच्या. "तू पानी तापव. त्येवढं जमलं तरी लई झालं." मी मुकाट्यानं पाणी तापवायची आणि मनात म्हणायची, थांबा म्हातारबाई, एक दिवस तुमचं माझ्यावाचून अडेल. असं मनात आणू नये. वास्तू तथास्तु म्हणते.

माझ्या अंगी एकच गुण होता, तोही मी कमावलेला नव्हता. मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी आलेली. आमच्याकडं अशा माणसाला कामं फार. कुणाच्या कमरेत उसण भरली की मला बोलावणं. तीनदा पाय लावायचा, झालं. ढग गडगडले की तीच माणसं म्हणणार, "आत हो गं बाई, तुझ्यापायी आमच्यावर वीज पडंल." आणि कुणाला नागीण निघाली, तर गेरू माझ्याच हातचा. नागीण म्हणजे अंगावर पट्ट्यानं पुरळ उठतं, आग आग होते, ती. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकाला भेटलं, विळखा पुरा झाला, की माणूस गेलं, असं समजत. म्हणून पायाळू माणसानं पुरळावर गेरू थापायचा आणि भोवती रेघ मारायची. रेघ ओलांडून नागीण पुढं जात नाही. मी कितीतरी रेघा मारल्या होत्या आणि सगळे बरे झाले होते. नागीण आपल्या पायानं येते आणि आपल्याच पायानं जाते, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

त्या साली भातलावणी लांबली. महिनाभर आम्ही खाचरात उभ्या, गुडघाभर चिखलात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या नाहीत अशी बाई वाडीत नव्हती. कातडी पांढरी पडायची, भेगाळायची, संध्याकाळी चुलीशी पाय शेकायला बसलं की खाज अशी सुटायची की त्यातच सुख वाटायचं. आत्याबाईंच्या उजव्या पायाच्या करंगळीशी तर चांगली चीर पडली होती. वन्सं, म्हणजे माझी नणंद, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आई, पायाला कायतरी लाव." आत्याबाई म्हणाल्या, "चिखुल लागून कुनी मेलंय का आजवर?"

लावणी आटपली त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. तीन घोंगड्या टाकल्या तरी खाट हलायची. सकाळी पाहिलं तर घोट्याच्या वर कातडी लालभडक, चकचकीत, ताणलेली. हात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी लाली पोटरीवर चढली, कडेला फुगीर धार आलेली, आणि मध्ये दोन-चार फोड. फोड दिसले आणि आमचं ठरलंच. पायाभोवती विळखा घालत चढते आहे, फोड आहेत, आग आहे. नागीणच!

"घे गेरू," आत्याबाई म्हणाल्या. "आता तरी तुझा उपेग हुतोय का बघू."

मी गेरू उगाळला. घोट्यापासून पोटरीपर्यंत थापला आणि वरच्या कडेला बोटभर जाडीची रेघ मारली. रेघ सरळ आली. मला बरं वाटलं, खरं सांगते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढं अंग टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या वर दोन बोटं दिसली. घरात मीच एकटी होते, बाकीचे गोठ्यात. आत्याबाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांनी न बघताच विचारलं, "रेघ वलांडली का गं?"

मी ओल्या फडक्यानं रेघ पुसली. गेरू वर नेला आणि नवी रेघ ओढली.

"न्हाई, आत्याबाई."

असं मी पाच दिवस केलं. का केलं? आज विचाराल तर सांगता येणार नाही. भीती होती, आणि वर पायाळूपणाचा टेंभाही होता. रोज वाटायचं, आजची ही शेवटची, हिच्यापुढं नाही जायची. आणि गेरू लाल, खालची कातडीही लाल. थापल्यावर काय कुठं आहे ते मलाच दिसायचं नाही. न दिसलं की नसल्यासारखं वाटतं.

ते पाच दिवस मला अजून पुरते उलगडत नाहीत. सगळं धुक्यात बुडालेलं. पाऊस थांबायचा नाही आणि लागायचाही नाही, नुसता हवेत लोंबकळत राहायचा. आत्याबाई तापात बोलायच्या. सगळ्या बाळंतिणी एका रांगेनं दारात आल्यासारख्या एकेकीची चौकशी करायच्या. "तू का गं भिजत हुबी? ये की आत. बाळ कुठंय?" मग हसायच्या. माझ्या मनात यायचं, आत्याबाईंना जे दिसतंय तेच खरं असेल, आणि मी, ही खाट, ही गेरूची वाटी, हेच कुणाच्या तरी तापातलं असेल. मी चुलीतल्या धुराकडं बघत बसायची आणि पुन्हा गेरू उगाळायची.

सहाव्या दिवशी त्यांच्या जांघेत अवधाण आलं, लिंबाएवढी गाठ. त्यांनी पाणीही घेतलं नाही. तेव्हा ह्यांनी गाडी जुंपली. पुण्याच्या दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवून आलेला एक डॉक्टर कामथडीला आपल्या घरी राहायला आला होता. पावसाळ्यातला गाडीरस्ता, दिवसभर चाकं चिखल उपसत होती. उजेड ताकासारखा पातळ होता. मी आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि गुंजवणीचं पाणी कधी डावीकडं वाजायचं, कधी उजवीकडं.

डॉक्टर पन्नाशीचे, चष्मेवाले, हळू बोलणारे. त्यांनी पाय पाहिला आणि आधी विचारलं, "हे रंगकाम कोणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

त्यांनी कोमट पाण्यानं गेरू धुवायला घेतला. घमेल्यातलं पाणी लाल होत गेलं. घोटा, पोटरी, गुडघा... आणि गुडघ्याच्या वर चार बोटं, माझ्या शेवटच्या रेघेच्याही पुढं, लाली चढून गेली होती. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

"ही नागीण नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "हे धावरं."

तेवढ्या तापातही आत्याबाईंनी डोळे उघडले. "धावरं त्वांडाला येतं. पायाला कुठलं?"

"तोंडालाही येतं, पायालाही येतं. आत शिरायला त्याला फट लागते फक्त." त्यांनी करंगळीची बेचकी उघडून दाखवली. "हे बघा दार. चिखल्यांनी कातडी फाटली, तिथनं बारीक जंतू आत गेले. ते कातडीखालनं धावतात, म्हणून धावरं. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं उठते, तिला एवढी हुडहुडी नसते. ह्याला आधी थंडी, मग ताप, मग ही तापलेली लाली आणि ही धार. आणखी दोन दिवस गेले असते तर रक्तात उतरलं असतं, मग माझ्याकडं आणून उपयोग नव्हता."

मग त्यांनी जांभळी पेन्सिल काढली, ओली करून लालीच्या कडेकडेनं रेघ ओढली. मी बघतच राहिले. हाही रेघच मारतोय की!

"आता ही रेघ कुणी पुसायची नाही," ते म्हणाले. "लाली रेघेच्या आत सरली तर औषध लागू पडलं. बाहेर आली तर गाडी जुंपून परत या. रेघ हलवायची नसते, रेघ बघायची असते."

ते सहज बोलले. माझ्या कानांच्या पाळ्या मात्र तापल्या.

त्यांनी गोळ्या दिल्या, सल्फाच्या, विटकरी रंगाच्या. नवंच औषध होतं ते. आधी धावऱ्याला मलमं, लेप आणि देवाचं नाव, एवढंच असायचं. पाय उशीवर उंच ठेवायचा, पाणी भरपूर प्यायचं. मग वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काम काय करता, बाई?"

"सुईण हाये म्या."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "घरात कुणी अवघडलेली आहे?"

"लेक हाये. आठवा सरलाय."

"तिला तुम्ही हात लावायचा नाही."

आत्याबाई कोपरावर उठल्या. "म्या? माज्या लेकीला? चाळीस वर्सं म्या..."

"ऐका. तुमच्या पायात जे आहे तेच बाळंतिणीच्या अंगात गेलं की तिला ज्वर भरतो. डोळ्याला दिसत नाही. नखात असतं, पदरावर असतं. ह्या पायाचे पापुद्रे सुटून कातडी धड होईतो, आणि बोटांमधली चीर भरेतो, बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही." मग माझ्याकडं वळून, "तूही ह्या पायाला आता हात लावू नको. मुलगा करील सगळं. तू हात साबणानं धू, कपडे उकळ."

गाडी परतीला लागली. नसरापूर मागं पडलं, डोंगर जवळ आले. मग आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दोन सालांमागं दिवाळीत असाच पाय लाल झाला हुता. थोडाच. आठवतंय?"

"व्हय."

"तवाच खालच्या वाडीची ती पोर म्या सोडवली. पाचव्या दिशी तापानं गेली. म्या म्हनलं, सटवाईचं लिखित."

गाडीवर घोंगडीचं छप्पर होतं, त्यातनं थेंब थेंब त्यांच्या कपाळावर पडत होता आणि त्या पुसत नव्हत्या. मला त्यांची दया आली. तोवर मला त्यांची भीतीच वाटायची, दया कधी आली नव्हती.

घरी पोचल्यावर त्यांनी खाट बाहेर पडवीत टाकायला लावली. वन्संची खोली आतली, मागची. मग मला म्हणाल्या, "गेरू आन. त्या उंबऱ्याम्होरं रेघ मार."

"कशापायी?"

"म्या वलांडीन म्हून. माजं मला ठावं हाय. लेक कळा द्यायला लागली की माजे पाय कुनाचं ऐकायचे न्हाईत. तू वलांडू देऊ नगंस. म्या शिव्या दिल्या तरी, पाया पडले तरी."

मी रेघ मारली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती ठसठशीत उठून दिसली.

गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी ताप उतरला. जांभळ्या रेघेपासून लाली रोज थोडी मागं सरायची, ओढ्याचं पाणी उतरावं तशी. हे आईचा पाय उशीवर ठेवायचे, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या जांभळ्या पाण्यानं बोटांच्या बेचक्या धुवायचे, आणि आत्याबाई त्यांच्या रांगडेपणाला शिव्या घालायच्या. शिव्या ऐकल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण एका सकाळी घरामागनं आत्याबाईंची आरोळी आली. "आगं रगत पडतंय! गेरू पोटात ग्येला माज्या! मेले!" लघवी लाल झाली होती. आम्ही धावलो. हे चुळबुळत उभे. मग हळूच म्हणाले, "डागदर म्हनलं हुतं, गोळ्यांनी लाल हुतंय म्हून."

"मग सांगितलं का न्हाईस, मुडद्या?"

"आयेला कसं सांगायचं तसलं?"

वन्सं पोट धरून हसल्या. आत्याबाईसुद्धा हसल्या, भिंतीला टेकून. त्या घरात एवढं हसू पुन्हा कधी झालं मला आठवत नाही.

वन्संना अजून दोन आठवडे अवकाश होता. नदीपलीकडच्या वाडीतली एक म्हातारी सुईण यायचं कबूल झाली होती. पण गोळ्या सुरू झाल्यापासून दहाव्या दिवशी, जेवणं होऊन भांडी घासत होते, तर वन्संनी आतून हाक मारली, "वैनी, माजं पानी ग्येलं." वाडी सगळी खाचरात बेणणीला, तण काढायला गेलेली. हे म्हातारीला आणायला पळाले आणि थोड्या वेळानं नुसते भिजून परत आले. कानंदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. मग ते खाली दुसऱ्या उताराकडं गेले. घरात आम्ही तिघीच राहिलो. एक आत, एक बाहेर, आणि मधे मी.

मी हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. आत्याबाई खाट सोडून रेघेच्या पलीकडं येऊन बसल्या. तिथनं त्यांना वन्संचे पाय दिसत नव्हते, फक्त माझी पाठ दिसत होती. "कळ कवाशी येती? किती टिकती?" त्या विचारायच्या, मी सांगायची. बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की जगात आणखी कुणी आहे असं वाटत नव्हतं. वन्संचा आवाज मला लांबून, डोंगराच्या पलीकडून आल्यासारखा यायचा. मला वाटलं, आत्ता जागी होईन आणि हातात पाण्याचं भगुणं असेल.

मग मला दिसलं ते बघून मी जागीच झाले. डोकं नव्हतं. पाय होते. दोन बारके, निळसर पाय.

"आत्याबाई, पाय आल्यात!"

बाहेर खसकन त्या उठल्या. "सर. मला येऊ दे."

"न्हाई."

"आगं तुला न्हाई जमायचं! पायाळू हाय ते, डोकं अडकंल! माजी लेक मरंल गं! म्या हात धुते, राखंनं घासते, उकळत्या पान्यात घालते..." त्या रडत होत्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्या पाया पडते. वाईच रेघ मागं घे. येकदा. येकदाच मागं घे."

त्यांनी पाय उचलला. तोच पाय, पापुद्रे लोंबणारा. तो रेघेच्या वर तसाच राहिला. आत वन्सं ओरडत होत्या, "आई, ये गं!" आणि मलाही, देवाशपथ, मलाही तेच हवं होतं. यावं त्यांनी, माझ्या हातनं घ्यावं सगळं. मी पाणी तापवावं.

"न्हाई!" मी ओरडले. सासूवर मी आयुष्यात त्या एकदाच ओरडले. "रेघ न्हाई हालायची! तितनंच सांगा. म्या हाय तुमचे हात. सांगा!"

त्यांनी पाय मागं घेतला. धप्पकन खाली बसल्या. आणि मग जो आवाज आला तो माझ्या ओळखीचाच नव्हता, शांत, पाणी निवळल्यासारखा.

"खाटंच्या कडंला घे तिला. बाळाची पाठ कुनीकडं हाय? वर का खाली?"

"वर."

"देव पावला. आता हात लावू नगंस. वढू नगंस. वढलंस की बाळ हात वर करतंय, मग अडकतंय. बेंबीपतुर आपसूक येऊ दे. हात बांधून बस."

हात बांधून बसणं! लेकराचं अर्धं अंग बाहेर लोंबतंय, आई टाहो फोडतेय, आणि मी हात बांधून. त्याच्याएवढं अवघड काम मी नंतरच्या सगळ्या वर्षांत केलं नाही.

"बेंबी आली."

"ऊन फडकं गुंडाळ त्याला. गार वारं लागलं तर आतच श्वास घ्येतंय. आता खांदं बघ. येक हात... बोटानं छातीवरनं काढ. आला? दुसरा." मग, "आता लोंबू दे. मान बघ. मानंवर केसाची कड दिसली का?"

"न्हाई."

"थांब."

"न्हाई दिसत, आत्याबाई."

"थांब म्हनते न्हवं? तूबी अशीच आलीस. तुझ्या आईसाठी कुनीतरी थांबलंच असंल की."

माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. आणि मग कड दिसली. भिजलेली, काळी, बारीक.

"दिसली!"

"आता पाय धर आन् वर घे, हळू, आईच्या पोटाकडं. हळू. घाई केलीस तर तुझी चामडी सोलीन."

हनुवटी आली, तोंड आलं, नाक, कपाळ. लेकरू माझ्या ओंजळीत. गप्प. मी त्याचं तोंड बोटानं पुसलं, पाठीवर चोळलं. चोळलं, पुन्हा चोळलं. आणि मग ते असं काही किंचाळलं की गोठ्यातली गाय हंबरली.

रेघेपलीकडनं आवाज आला. "काय हाय?"

"पोरगी."

"पायाळू," त्या म्हणाल्या. "आनखी येक. नशीब माजं!"

पण खरं संकट टळलं की नाही ते अजून कळायचं होतं. पाचवा दिवस जायला हवा होता. रोज सकाळी पडवीतनं प्रश्न यायचा, "ताप हाय का गं?" मी वन्संच्या कपाळाला हात लावून बाहेर यायची आणि म्हणायची, "न्हाई." तिसऱ्या दिवशी, चवथ्या दिवशी. पाचव्या दिवशी त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, डोळ्यांत बघितलं. "खरं सांग." मी त्यांचा हात धरून म्हणाले, "खरंच न्हाई, आत्याबाई. गार कपाळ हाय." त्या देवळाच्या दिशेला तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

बाळाच्या बाराव्या दिवसापर्यंत आत्याबाईंच्या पायाचे पापुद्रे सगळे सुटले होते, चीर भरली होती. ह्यांनी कामथडीला जाऊन विचारून आणलं होतं. मी त्यांचं लुगडं उकळून वाळवलं, त्यांनी नेसलं, आणि रेघ ओलांडून नातीला मांडीवर घेतलं. तिचे पाय मुठीत धरून बसल्या. मला ते सोसेना. सगळं ओठांवर आलं.

"आत्याबाई, त्या पायाच्या रेघंचं म्या खोटं सांगत हुते. रोज पुसून वर वढत हुते."

त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय."

"ठावं हाय?"

"पाय माजा हुता न्हवं गं? आग कुठवर चढली ते मला कळत न्हवतं व्हय?"

"मग रोज इचारत का हुता?"

"तू न्हाई म्हनलीस की जरा डोळा लागायचा." त्या नातीची बोटं मोजत होत्या, एक एक करून. "उंबऱ्यातबी म्या तेच मागितलं तुज्याकडं. वाटलं, ही वाईच सरकवंलच रेघ. माज्यासाठी रोज सरकवत हुती." "न्हाई सरकवलीस, पोरी."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. लाज वाटली नाही.

धावरं पुढं दर दोन-चार पावसाळ्यांनी परत यायचं. डॉक्टर म्हणाले होते, एकदा वाट सापडली की ते विसरत नाही. तो पाय कायमचा जाडसर राहिला. खाचरातनं आलं की बोटांच्या बेचक्या धुवून कोरड्या करायच्या, हे आम्ही वाडीतल्या सगळ्या बायांना शिकवलं. नागिणीची रेघ मात्र मी कुणाला मारून दिली नाही, बोलावणी पुष्कळ आली तरी.

पण मला आठवतं ते बाळाच्या बाराव्या दिवसानंतरच्या त्याच आठवड्यातलं. खालच्या वाडीचं बोलावणं आलं, कळा सुरू झाल्या म्हणून. मी सवयीनं उठले, भगुणं आणि सरपण घेतलं. त्या बाईच्या दारात पोचलो. आत्याबाई उंबऱ्याशी थांबल्या, आपल्या पायाकडं बघितलं, आणि माझ्या हातातलं भगुणं काढून घेतलं.

"तू हो आत," त्या म्हणाल्या. "पानी म्या तापवते."